पहिली थाळी

त्या फेब्रुवारीत आमच्या डुकराला मारायला माणूस मिळेना.

हसू नका. त्या एका डुकरावर घराचं वर्ष निघायचं. तळणाची चरबी त्याची, वाळवून वर्षभर पुरवायची सलामी त्याची, सुगीत मजुरासारखं राबताना पोलेंतावर, मक्याच्या लापशीवर, घासायचा तुकडाही त्याचाच. थंडी उतरायच्या आत कापलं नाही तर मांस टिकत नाही, आणि जिवंत ठेवावं तर त्याच्या पोटाला घालायला मका उरला नव्हता. एरवी या दिवशी काम्पोल्मोतली निम्मी वस्ती आमच्या अंगणात असायची. एकोणीसशे एकवीस साली होती तीन माणसं: ओलिंदो रोवेराती, त्याची बायको आर्जिया, आणि त्यांचा मुलगा आदेल्मो, म्हणजे माझे वडील. ओलिंदोला मी आजोबा म्हणायला हवं. जीभ वळत नाही, काय करू.

आर्जियानं उजाडताच मोठ्या हंड्याखाली जाळ घातला. पाणी उकळलं. कुणी आलं नाही. पाणी आटलं, तिनं पुन्हा भरलं. धुकं इतकं होतं की अंगणातून गोठा दिसत नव्हता, नुसतं डुकराचं घुरघुरणं ऐकू येत होतं. तिनं टेबलावर सवयीनं अकरा पेले मांडले होते. मग एकेक उचलून आत ठेवले, तीन राहू दिले.

"प्रिमो येतो म्हणाला होता?" तिनं विचारलं.

"प्रिमोनं मला बघितलं आणि रस्ता बदलला," ओलिंदो म्हणाला. "बावीस वर्षं माझ्या घरचं डुक्कर फोडतोय. माझ्या हातची वाइन पिऊन गटारात पडलाय हा खाटीक. आणि मला बघून रस्ता बदलतो!"

सगळं सुरू झालं ते जुलैच्या मळणीत. आम्ही मालकाची जमीन अर्धेलीनं करणारे. मळणीला आम्ही शेजारच्या तुल्लिओकडं जायचं आणि तुल्लिओच्या घरानं आमच्याकडं यायचं, ही सावड ओलिंदोच्या आजापासूनची. पण महायुद्धानंतर मजुरांची लीग, म्हणजे संघटना, उभी राहिली, आणि लीगचा नियम साफ होता: मळणीला हात लागले तर ते लीगच्या यादीतून घ्यायचे. ओलिंदोनं घेतले नाहीत. लीगनं सांगितलं, रविवारी सभेत उभा राहा आणि चुकलो म्हण. तुल्लिओ गेला, चुकलो म्हणाला, सुटला. ओलिंदो म्हणाला, "माझ्या बापाची सावड. त्यात माझं चुकलं काय?" झालं. टाकला वाळीत. भट्टीवाला पाव देईना, लोहार बैलांना नाल मारीना, न्हावी दाढी करीना, चर्चच्या पायऱ्यांवर कुणी ओळख दाखवीना. सात महिने! वाळीत टाकल्याच्या कागदावर सही होती लीगच्या प्रमुखाची. फिओरावांते रोवेराती. ओलिंदोचा सख्खा धाकटा भाऊ.

तो फिओरावांतेच त्या सकाळी धुक्यातून मागच्या दारानं आला.

*

"वहिनी, घाबरू नकोस, मीच आहे."

आर्जियानं त्याच्याकडं बघितलं. गालफडं बसलेली, कोटाला गवत चिकटलेलं. "कुठं झोपतोस रे तू?"

"जिथं लवंडायला मिळेल तिथं. पलीकडच्या दोन गावांतल्या लीगच्या कचेऱ्या काळ्या शर्टवाल्यांनी गेल्या आठवड्यात जाळल्या. प्रमुखांना घरातून ओढून काढलं, बायकामुलांसमोर. मी घरी नाही झोपत."

"आणि तुमचे शहरातले पुढारी? ते काय करतात?" ओलिंदो दारात उभा होता. दाढी छातीपर्यंत आलेली.

"समाजवादी पक्षाचे दोन तुकडे केले, आता कुठला तुकडा खरा त्यावर भांडतायत," फिओरावांते म्हणाला. "मी माणूस पाठवला, मदत मागितली. उत्तर आलं, शांत राहा, चिथावणीला बळी पडू नका. दादा, मी भांडायला नाही आलो."

"मग डुक्कर बघायला आलास?"

"रविवारी सभेत ये. एक वाक्य बोल. सोमवारी प्रिमो इथं असेल, सगळी वस्ती असेल. मी स्वतः कागद फाडतो."

"एक वाक्य कुठलं? चुकलो?"

"हो."

"तू बोल ना. तू म्हण, दादा मी चुकलो, तुझ्या घरात पाव येऊ दिला नाही. तुझी वहिनी सहा मैल चालून परक्या गावातून पाव आणते, दुखऱ्या कमरेनं. म्हण ना!"

फिओरावांते खाली बसला. त्याला किती वेळा वाटलं असेल म्हणून सांगू, की हा कागद आपण फाडून टाकावा. पण त्याच्या यादीत दोनशे चाळीस माणसं होती. वर्षातले चार महिनेच ज्यांना काम, बाकी आठ महिने नुसती भिंतीला टेकून उभी, अशी. एकानं सावड केली की दहाजण करणार, आणि दहाजणांनी केली की मजुरांच्या पोरांनी काय खायचं? हे त्याला पाठ होतं. तो स्वतः त्यांतलाच होता. बाप गेल्यावर मालक म्हणाला, या जमिनीवर एकच कुटुंब पोसतं. थोरला राहिला. धाकट्यानं फावडं उचललं आणि कालव्याच्या बांधावर मजुरीला गेला. तेव्हा त्याला कुणी वाळीत टाकलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं.

"तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या मला यादी वाचायला तोंड राहणार नाही, दादा. भावाला सोडलं म्हणतील."

"भावाला सोडलंसच की," ओलिंदो म्हणाला.

कोपऱ्यात आदेल्मो सुरीला धार लावत होता. सव्वीस वर्षांचा, तीन वर्षं खंदकात काढून आलेला. तो वर न बघता म्हणाला, "काका, मी लढाईवरून आलो तेव्हा स्टेशनवर तुमच्या लोकांनी माझी पदकं ओढली. मालकांच्या लढाईला गेलास म्हणाले. मी काय हौसेनं गेलो होतो?"

"ते चुकलंच रे, बाळा."

"बघा, किती सोपं आहे म्हणायला."

डुक्कर ओरडलं. फिओरावांते उठला, गोठ्याकडं गेला, कठड्यावरून हात घालून त्यानं डुकराच्या कानामागं खाजवलं. "चांगलं पोसलंय," तो म्हणाला. त्यानं कोट काढला. एक बाही कोपरापर्यंत दुमडली. आर्जिया बघत होती. फिओरावांतेला हे काम येत होतं, दोघा भावांना बापानं शिकवलेलं. तो, ओलिंदो आणि आदेल्मो, तिघं पुरेसे होते. दोन तासांचं काम. मी आयुष्यभर त्या दुमडलेल्या बाहीचा विचार केलाय.

मग त्यानं बाही खाली सोडली आणि कोट घातला. "सही माझी आहे," तो म्हणाला. कुणालाच नाही, डुकराला म्हणाला.

दारापर्यंत आर्जिया त्याच्यामागं गेली. "थाळी तर येणारच तुझी. डुक्कर कधीही कापलं तरी."

आमच्याकडची ही रीत. डुक्कर कापलं की पहिलं काळीज चरबीच्या जाळीत गुंडाळून, तमालपत्र लावून निखाऱ्यावर भाजायचं, आणि ती पहिली थाळी वेगळ्या राहणाऱ्या भावाच्या घरी जायची. घरातल्यांनी तोपर्यंत घास घ्यायचा नाही. थाळी परत येताना रिकामी येत नसे. अक्रोड, दोन अंडी, काही तरी असायचंच.

"घरी नको पाठवूस, वहिनी," तो हळू बोलला, पण ओलिंदोच्या कानावर गेलंच. "कालव्यावरच्या जुन्या पंपघरात. आतून कडी असते. तू हाक मार, मी उघडीन."

आणि तो धुक्यात गेला.

*

दुपारी लॉरी आली.

आदेल्मोनं कुणालाही न सांगता दोन दिवस आधी चिठ्ठी पाठवली होती. कुणाला, तर मालकाच्या पुतण्याला, गालेआत्सोला. खंदकात तो आदेल्मोचा लेफ्टनंट होता, आणि जखमी आदेल्मोला त्यानं पाठीवर घेऊन काटेरी तारांमधून आणलं होतं. हे खोटं नाही. माझ्या वडिलांच्या मांडीवरचा व्रण मी पाहिलाय. चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: आमच्याकडं खाटीक नाही.

लॉरीतून काळे शर्ट घातलेली आठ-नऊ पोरं उतरली. सोबत शहरातला खाटीक, त्याच्या सुऱ्या, आणि चार मोठे पाव. गालेआत्सो सगळ्यात शेवटी उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "नमस्कार, ओलिंदोकाका. उशीर झाला, माफ करा. धुक्यात रस्ता चुकलो."

सात महिन्यांत ओलिंदोला कुणी नमस्कार केला नव्हता. नावानं तर हाकच मारली नव्हती. आणि मालकाच्या घरचा माणूस, काका म्हणतो! त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगीच लॉरीचं चाक बघायला वाकला.

"या, या," तो म्हणाला. "आर्जिया, पेले आण!"

अकरा पेले पुन्हा बाहेर आले. कमीच पडले.

पोरं कामाला वाघ होती, ते मी नाकारत नाही. डुक्कर धरलं, कापलं, उकळतं पाणी ओतून खरवडलं, उलटं टांगलं. गाणी म्हणत होती, एकमेकांच्या तोंडाला रक्त फासत होती. एकानं आर्जियाच्या हातातून हंडा काढून घेतला, "मावशी, तुम्ही बसा." अंगणात पुन्हा गलका होता. त्या गलक्यासाठी ओलिंदोचा जीव सात महिने तळमळला होता. गलका कुणाचा आहे, हे तो विचारणार होता थोडाच?

आणि मग तो बोलायला लागला. अरे, काय बोलला! मळणीचं, सावडीचं, बैलाच्या खुराचं, बापाचं, आर्जियाच्या कमरेचं, प्रिमोनं बदललेल्या रस्त्याचं. गालेआत्सो समोर बसून ऐकत होता, पेला बाजूला ठेवून, मान हलवत. मध्येच एकदा म्हणाला, "काका, ही जमीन कसणाऱ्याचीच व्हायला हवी. तुमच्या नावावर. आमचं तेच म्हणणं आहे." ओलिंदोला ते नीट ऐकूही गेलं नसेल. त्याला जमीन नको होती त्या घटकेला. समोर कान होता, तेवढं पुरे होतं.

आर्जिया चुलीपाशी होती. काळीज तयार झालं होतं, तमालपत्राचा वास सगळ्या अंगणात पसरला होता. तिनं ते हळूच फडताळात सरकवलं. आज नाही, तिनं ठरवलं. ही माणसं गेल्यावर, उद्या.

"आर्जिया!" ओलिंदो ओरडला. तोंड लाल झालं होतं त्याचं. "पहिली थाळी कुठाय? कर थाळी! तो रीत विसरला असेल, ओलिंदो रोवेराती विसरत नाही. सगळ्यांसमोर जाईल थाळी!"

"कुणाची थाळी, काका?" गालेआत्सोनं विचारलं.

"माझ्या भावाची. पहिली त्याचीच."

"अजून व्हायचंय काळीज," आर्जिया म्हणाली.

"झालंय की, वास येतोय! आण."

तिनं आणली. काय करणार होती? गालेआत्सोनं थाळीकडं बघितलं आणि साधेपणानं विचारलं, जसं आपण पाहुण्यांच्या गावची वाट विचारतो, "पण ते घरी नसतात ना सध्या?"

"घरी कुठला! पंपघरात लपलाय, उंदरासारखा," ओलिंदो म्हणाला आणि हसला. मग हसू तोंडावर तसंच राहिलं.

अंगणात कुणीतरी गाणं थांबवलं.

"आम्ही जाताना देतो," गालेआत्सो म्हणाला.

"नको," आर्जिया म्हणाली. "मी नेते. दरवर्षी मीच नेते."

"थंडीत कशाला त्रास, मावशी?" त्यानं थाळी तिच्या हातातून घेतली. ओढली नाही, अगदी अदबीनं घेतली. तिनं कड सोडली नाही, तशी थोडी कढत चरबी तिच्या मनगटावर सांडली, चटका बसला. तेव्हा सुटली.

"अहो," ती ओलिंदोला म्हणाली. "अहो, बोला ना काहीतरी."

सात महिन्यांचं सगळं बोलून झालेला तो माणूस पेल्याकडं बघत राहिला. "बोलतील नुसते," तो पुटपुटला. "राजीनामा लिहून घेतील. बरंच होईल त्याचं. सुटेल एकदाचा."

आदेल्मो उठला. "मी जातो बरोबर. आई, मी आहे ना."

*

माझ्या वडिलांनी हे मला एकदाच सांगितलं, मी चाळिशीची झाल्यावर, आणि तेही खिडकीकडं तोंड करून.

लॉरीत ते खाटकाशेजारी बसले होते, थाळी मांडीवर. खालून गरम लागत होती. बांधावर लॉरी थांबली, पोरं उतरली आणि एकदम गप्प झाली. पंपघराच्या खिडकीला फळ्या ठोकलेल्या होत्या. दार ओकाचं, तीन बोटं जाड. गालेआत्सोनं दार बघितलं, मग वडिलांकडं बघितलं.

"हाक मार."

"फक्त राजीनामा ना, लेफ्टनंटसाहेब?"

"मी तुला तारांत सोडलं होतं का, आदेल्मो?"

आणि माझ्या वडिलांनी हाक मारली. "काका! आदेल्मो आहे. थाळी आणलीये."

आतून आधी काहीच आवाज आला नाही. मग पावलं आली. मग फिओरावांतेचा आवाज, हसरा: "कापलं का रे? दादानं कापलं?" आणि कडी निघाली.

दार उघडलं तेव्हा त्यानं आधी थाळी पाहिली. वडील म्हणाले, ते मला विसरता येत नाही. आधी थाळी पाहिली आणि हात पुढं केले, मग मागची माणसं पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आदेल्मोकडं बघून म्हणाला, "तू घरी जा, बाळा. हे बघू नकोस."

वडिलांनी बघितलं. थाळी हातात धरून उभे राहिले. दंडुके होते, एरंडेल होतं. एरंडेलाची अख्खी बाटली त्याचं नाक दाबून घशात ओतली. सहीचा हात कुठला, असं कुणीतरी विचारलं, आणि तो हात दाराच्या फटीत ठेवून दार लावलं. वडिलांनी थाळी खाली ठेवली असती तर त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले असते. पण नाही ठेवली. "का नाही ठेवली, माहीत नाही गं," ते मला म्हणाले.

अंधार पडायच्या आत ते घरी आले, चालत. थाळी टेबलावर ठेवली. काळीज तसंच होतं, चरबी गोठून पांढरी झालेली, तमालपत्रं वर.

आर्जियानं थाळी पाहिली. मुलाकडं पाहिलं. "जिवंत आहे?"

"आहे. काकू घेऊन गेली. आम्ही दोघांनी उचलला." आदेल्मो बाकावर बसला. "आई, मी हाक मारली. माझ्या हाकेनं उघडलं त्यानं."

ती त्याच्याजवळ गेली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. ओलिंदो टेबलापलीकडं बसला होता. "मला काय ठाऊक," तो म्हणाला. "आर्जिया, मला काय ठाऊक असणार होतं?"

तिनं उत्तर दिलं नाही.

*

पुढं सगळं भराभर झालं. गावच्या पोलिसानं लिहिलं की फिओरावांते रोवेराती बांधावरून घसरला. लीगच्या कचेरीची किल्ली दुसऱ्या दिवशी मालकाच्या कारभाऱ्याच्या हातात होती. दोनशे चाळीस माणसं कुठं गेली म्हणाल, तर घरोघर बसली. शहरातून कुणी आलं नाही. शेजारच्या गावातून आलं नाही, कारण तिथलेही आपापल्या दाराला कडी लावून बसले होते. एप्रिलपर्यंत त्यातलेच निम्मे गालेआत्सोच्या यादीत होते. काम तरी मिळत होतं. मजुरी निम्म्यानं कमी. आणि जमीन ओलिंदोच्या नावावर झाली का? वेडे आहात का?

मार्चमध्ये फिओरावांते बायकोला घेऊन फ्रान्सला गेला, खाणीत. उजवा हात कामाचा राहिला नव्हता, तरी कुणीतरी ठेवून घेतलं. जाताना आमच्या रस्त्यानं गेला नाही, लांबून वळसा घालून स्टेशनवर गेला.

डुक्कर कापल्यानंतरच्याच रविवारी ओलिंदो न्हाव्याकडं गेला. सात महिन्यांनी. दार ढकललं तसे बाकावरचे चौघं उठून उभे राहिले. टोप्या काढल्या. त्यात प्रिमो होता, तुल्लिओ होता. "बसा, ओलिंदोकाका, आधी तुमचं," तुल्लिओ म्हणाला आणि आपली खुर्ची सोडली. न्हाव्यानं साबण लावला. वस्तरा हनुवटीखाली दोनदा लागला.

"अरे, सावकाश," ओलिंदो म्हणाला. "काय म्हणतो तुझा मुलगा?"

"बरा आहे. आपल्या कृपेनं."

"प्रिमो, आता येशील ना रे? पुढच्या वर्षीचं डुक्कर?"

"आपण बोलवाल तेव्हा."

ओलिंदोनं आरशातून सगळ्यांकडं बघितलं. सगळे जमिनीकडं बघत होते. त्यानं पिकाचं काढलं, कालव्याच्या पाण्याचं काढलं. होय, म्हणाले. खरंय, म्हणाले. आपण म्हणता तसंच. मग तोही गप्प झाला, आणि दुकानात नुसता वस्तऱ्याचा आवाज राहिला.

तो गुळगुळीत हनुवटीनं घरी आला. आर्जियानं पोलेंता वाढली, वर सॉसेजचा तुकडा. तो म्हणाला, "सगळे उठून उभे राहिले माझ्यासाठी. तुल्लिओनं खुर्ची दिली. प्रिमो येतो म्हणाला." ती भांडी घासत होती. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. तिनं हात पुसले, त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि अंगणात निघून गेली.

तो त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. तिनं त्याला वेळेवर वाढलं, त्याचे सदरे शिवले, शेवटच्या आजारपणात त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. मी लहानपणी त्या घरात वाढले. मला वाटायचं, आजीला फक्त आमच्याशीच बोलता येतं.